एक दिसतो, असतात दोन!

दिवाळी झाली, ढग पांगले, गच्चीवर रात्री जरा गारवा जाणवायला लागला की दरवर्षी एक गोष्ट हमखास घडते. कुणीतरी हौसेने दुर्बीण घेतं. पहिल्या रात्री चंद्र बघून होतो, दुसऱ्या रात्री शनीची कडी. तिसऱ्या रात्री देवयानी दीर्घिका शोधायची मोहीम निघते आणि ठाण्या-पुण्याच्या पिवळट आकाशात दिसतो एक धुरकट डाग. तोही नशीब जोरावर असेल तर! फोटोत पाहिलेले ते जांभळे-निळे रंग कुठेच नसतात. चौथ्या रात्री दुर्बीण पलंगाखाली जाते, ती थेट घर बदलताना बाहेर निघते.

हा लेख त्या चौथ्या रात्रीसाठी आहे. शहराच्या उजेडाला दाद न देणारी, छोट्या दुर्बिणीतून झक्कास दिसणारी आणि वर्षभर पुरून उरणारी एक गोष्ट आकाशात आहे. ती म्हणजे जोडतारे. नुसत्या डोळ्यांना एकच दिसणारा ठिपका दुर्बिणीत फुटून दोन होतो, कधी तीन, कधी चार. दीर्घिकेचा प्रकाश पसरलेला असतो, म्हणून तो दिव्यांच्या झगमगाटात बुडतो. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला असतो, म्हणून तो तग धरतो. सोसायटीच्या गेटवरचा हॅलोजन चालू असला, आकाशात अर्धा चंद्र असला, तरी जोडतारे बघता येतात. दुर्बिणींच्या छंदात इतकी शहरी मुलांच्या सोयीची दुसरी शाखा क्वचितच असेल.

सुरुवात अरुंधतीपासून

आपल्यातल्या बहुतेकांनी पहिला जोडतारा लग्नात ऐकलेला असतो. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला बिलगलेली मंद अरुंधती. दोघांमधलं अंतर सुमारे १२ कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. डोळे ठीक असतील तर दुर्बिणीशिवाय दोघं वेगळे दिसतात.

एक गंमत लक्षात ठेवा. डिसेंबरातल्या संध्याकाळच्या लग्नात नवरा-नवरीला अरुंधती दाखवली जाते, तेव्हा दोघंही मान डोलावतात. पण त्या दिवसांत अरुंधती आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास उगवते! संध्याकाळी निवांत बघायची असेल तर एप्रिल-मे गाठायला हवा.

आता दुर्बीण वसिष्ठावर लावा. वसिष्ठ स्वतःच दोन आहे. १४ विकलांच्या अंतरावर दुसरा तारा स्वच्छ दिसतो, अगदी ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतूनही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे १६१७ मध्ये, गॅलिलिओचा शिष्य बेनेडेत्तो कास्तेल्ली याने ही जोडी पाहिली होती. गोष्ट इथेही संपत नाही. १८८९ मध्ये एडवर्ड पिकरिंगने वर्णपटाच्या मदतीने दाखवलं की या दोघांतला तेजस्वी ताराही आतून दुहेरीच आहे. पुढे दुसराही दुहेरी निघाला आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला. म्हणजे गुरुजी दोन तारे दाखवतात, तिथे प्रत्यक्षात सहा आहेत. अंतर सुमारे ८० प्रकाशवर्षं.

आपल्या परंपरेत 'अरुंधतीदर्शनन्याय' नावाचा एक दाखला आहे. सूक्ष्म गोष्ट दाखवायची असेल तर आधी तिच्याजवळची ठळक गोष्ट दाखवा, मग हळूहळू नजर बारकाव्याकडे न्या. जोडतारे बघायला शिकायची याहून चांगली पद्धत नाही. आधी रुंद जोड्या, मग अरुंद. आधी सारख्या तेजाच्या, मग एक झगझगीत आणि एक मिणमिणता अशा. पुढचा सगळा कार्यक्रम याच क्रमाने दिलाय.

जोडी खरी की दिसण्यापुरती?

दोन तारे जवळ दिसले म्हणजे ते जवळ असतातच असं नाही. मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं की जवळचा दिवा आणि लांबच्या बोटीवरचा दिवा शेजारी-शेजारी दिसू शकतात, तसंच हे. मकर राशीतला आल्फा हा तारा ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी नैर्ऋत्येला नुसत्या डोळ्यांनी दोन दिसतो. पण त्यातला एक साधारण शंभर प्रकाशवर्षांवर आहे आणि दुसरा त्याच्या कित्येक पट लांब. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. अशा जोडीला 'दृक् जोडी' म्हणू. उलट, एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणात अडकून फिरणारे तारे म्हणजे 'द्वैती तारे'.

हा फरक ज्याने सिद्ध केला तो विल्यम हर्शेल मुळात संगीतकार होता. इंग्लंडमधल्या बाथ शहरात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून आकाश बघायचा. बहीण कॅरोलिन शेजारी बसून नोंदी घ्यायची. १७७९ पासून त्याने जोडतारे गोळा करायला घेतले ते वेगळ्याच हेतूने. त्याचा अंदाज होता की जोडीतला एक तारा जवळचा, दुसरा लांबचा असणार. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा किंचित हललेला दिसेल आणि त्यावरून अंतर काढता येईल. वीसेक वर्षांनी त्याच जोड्या पुन्हा मोजल्या तेव्हा भलतंच निघालं. मिथुन राशीतल्या कॅस्टरचे दोन तारे वर्षाच्या तालावर हलत नव्हते, ते एकमेकांभोवती संथपणे वळत होते! १८०३ मध्ये त्याने हे जाहीर केलं. सूर्यमालेबाहेरही गुरुत्वाकर्षण चालतं, याचा हा पहिला डोळ्यांनी दिसणारा पुरावा होता.

पुढे १८२७ मध्ये फेलिक्स साव्हारी या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने सप्तर्षीतल्या 'झाय' या जोडीची कक्षा गणिताने काढली. तिचा फेरा साठेक वर्षांचा आहे. कक्षा हाती आली की केवढं घबाड मिळतं बघा. कक्षेचा खरा आकार आणि फेऱ्याचा काळ कळला की केप्लर-न्यूटनच्या नियमाने दोन्ही ताऱ्यांचं मिळून वस्तुमान निघतं. ताऱ्याचं 'वजन' करायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग आजही हाच आहे. एकट्या ताऱ्याचं वस्तुमान आपण मांडतो, ते शेवटी जोडताऱ्यांवरून शिकलेल्या हिशेबावर.

पाँडिचेरीचा पाद्री, पुण्याचा कॅप्टन

या सगळ्यात आपण कुठे? तर बऱ्यापैकी सुरुवातीपासून! १६८९ च्या डिसेंबरात पाँडिचेरीत जाँ रिशो नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री धूमकेतू बघत होता. त्याची दुर्बीण नरतुरंग तारकासमूहातल्या आल्फा सेंटॉरीवर गेली आणि तो तारा दोन निघाला. सूर्याचा सगळ्यात जवळचा तेजस्वी शेजारी दुहेरी आहे, हा शोध भारताच्या भूमीवरून लागला.

दुसरी गोष्ट आपल्या अगदी दारातली आहे आणि ती पुण्यातल्याही फार कमी जणांना माहीत असते. विल्यम स्टीफन जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्समधला अधिकारी. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामावर असलेला हा माणूस १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारतो. हाताशी डॉलंडची पाच फुटी दुर्बीण. तिच्यातून त्याने जोडतारे मोजायला सुरुवात केली. काही वर्षांनी त्याने लष्करी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ विज्ञानाला दिला. १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे त्याने २४४ जोडताऱ्यांची यादी सादर केली. सगळे वेध पुण्यातले.

त्याआधी, १८४७ मध्ये, त्याला वृश्चिकातल्या 'न्यू' या ताऱ्यात एक नवी गोष्ट सापडली. ही जोडी आधीपासून माहीत होती, पण त्यातला मंद तारा स्वतःच दोन आहे हे जेकबने पाहिलं. त्या दोघांतलं अंतर दोन-सव्वादोन विकलांच्या घरात. नंतर त्यातला तेजस्वी ताराही दुहेरी निघाला आणि 'न्यू वृश्चिक' चार ताऱ्यांचा झाला.

जेकब पुढे मद्रास वेधशाळेचा संचालक झाला. १८५५ मध्ये त्याने भुजंगधारी समूहातल्या '७० ऑफियुकी' या जोडीच्या गतीत विसंगती दाखवून तिथे ग्रहासारखं काहीतरी असावं, असा दावा केला. तो टिकला नाही. पण परताऱ्याच्या ग्रहाचा शोध गतीतल्या बारीक गडबडीवरून घ्यायचा, ही कल्पना भारतात बसलेल्या एका जोडतारेवाल्याला दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी सुचली होती. आज अनेक ग्रह याच धर्तीवर सापडतात.

शेवट मात्र चटका लावणारा आहे. तब्येत साथ देईना म्हणून इंग्लंडला परतलेल्या जेकबला पुण्याच्या डोंगराळ भागात वेधशाळा काढायची होती. ब्रिटिश संसदेने त्यासाठी पैसे मंजूर केले, नऊ इंची दुर्बीण त्याने स्वतः विकत घेतली. ८ ऑगस्ट १८६२ ला तो मुंबईत उतरला. १६ ऑगस्टला पुण्यात त्याचं निधन झालं. वय अवघं ४८. ती वेधशाळा कधी झालीच नाही.

म्हणून मे महिन्यात न्यू वृश्चिकावर दुर्बीण लावाल, तेव्हा लक्षात असू द्या की त्यातला मंद तारा जेकबने फोडला तो पुण्याच्या आकाशात. शोधायलाही सोपा आहे. अनुराधा नक्षत्रातला सगळ्यात उत्तरेचा तारा म्हणजे बीटा वृश्चिक. तोही १३-१४ विकलांची सुरेख जोडी आहे. त्याच्या पूर्वेला दीड-एक अंशावर न्यू.

एक विकला म्हणजे किती?

इथे जरा मोजमाप समजून घेऊ. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. चंद्राची रुंदी साधारण १८०० विकला. आणि एक विकला? आपलं एक रुपयाचं नाणं चार-साडेचार किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढं! जोडतारेवाल्यांचा सगळा कारभार या नाण्याएवढ्या जगात चालतो.

कुठली दुर्बीण किती फोडू शकते, याचा एक सोपा हिशेब आहे. एकोणिसाव्या शतकातल्या विल्यम डॉझ या इंग्रज पाद्र्याच्या नावाने तो ओळखला जातो. ११६ ला दुर्बिणीच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा. ७० मिमीची दुर्बीण साधारण १.७ विकलांपर्यंत जाते, ११४ मिमीची १ विकलेपर्यंत, १५० मिमीची पाऊण विकलेपर्यंत. ही सारख्या तेजाच्या ताऱ्यांची आणि आदर्श हवेतली मर्यादा. व्यवहारात थोडं कमीच धरा.

यावरून खरेदीचा पहिला नियम निघतो: खोक्यावर '५२५ पट मोठं दिसेल' असं छापलेलं असलं तर ते वाचूच नका. उपयोगी वर्धन साधारण व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ६० मिमीला १२० पट. त्यापुढे प्रतिमा फक्त मोठी आणि मऊ होत जाते, नवीन काही दिसत नाही. दुसरा नियम: स्टँड डुगडुगणारा असेल तर भिंग कितीही चांगलं असो, जोडी फुटणार नाही. जोडताऱ्यांना १०० ते २०० पट वर्धन लागतं आणि तेवढ्यावर स्टँडची थरथर भूकंपासारखी दिसते.

आणि घेण्याआधी बघा. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकरांना वांगणीला नेणारं खगोल मंडळ आहे. अशा संस्थांच्या आकाशदर्शनाला एक रात्र जा, चार वेगवेगळ्या दुर्बिणींतून बघा, मग पैसे खर्च करा.

गच्चीवरची तयारी

शहरात उजेडापेक्षा मोठा शत्रू म्हणजे हवेची थरथर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो. ती गरम हवा वर जाताना ताऱ्याची प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलवते. त्यामुळे संध्याकाळी सातला न फुटणारी जोडी रात्री अकराला सहज फुटते. जमलं तर मातीच्या किंवा गवताच्या जागेवर दुर्बीण ठेवा. शेजारच्या गच्चीवरचे एसीचे कंडेन्सर, पत्र्याचं छप्पर यांच्यावरून बघणं टाळा.

दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा. घरातलं तापमान घेऊन आलेला आरसा थंड होईपर्यंत नीट प्रतिमा देत नाही. परावर्ती दुर्बीण असेल तर आरसे एका रेषेत आहेत ना, ते तपासा. एक तेजस्वी तारा जास्त वर्धनावर घ्या आणि फोकस किंचित बिघडवा. गोल कडी एकाच केंद्राभोवती दिसल्या तर ठीक, एका बाजूला झुकल्या तर आरसा जुळवायला हवा.

तारे खूप लुकलुकत असतील ती रात्र जोडताऱ्यांची नाही. उलट आकाश किंचित धुरकट पण तारे शांत असतील, तर लगेच वर पळा. दीर्घिकावाले ज्या रात्रीला नाकं मुरडतात, ती आपली रात्र असू शकते.

आणि घाई करू नका. अवघड जोडी पहिल्या मिनिटात दिसत नाही. हवा सारखी हलत असते, मध्येच अर्धा सेकंद स्थिर होते आणि त्या क्षणात दोन बारीक बिंदू, मध्ये केसाएवढी काळी रेघ, असं चित्र लख्ख दिसतं. त्या अर्ध्या सेकंदासाठी दहा मिनिटं डोळा लावून बसायचं.

वर्षभराचा मेन्यू

*ऑक्टोबर-नोव्हेंबर:* हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ. एक सोनेरी, दुसरा निळसर, अंतर ३४-३५ विकला. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण 'अरे!' म्हणतोच. मजा म्हणजे हे दोघं खरोखर एकत्र बांधलेले आहेत का, हे अजून पक्कं नाही. गाया उपग्रहाच्या मोजमापांनी शंका वाढवलीच आहे. जवळच अभिजित आणि त्याच्या शेजारी एप्सिलॉन लायरी. बायनॉक्युलरमधून दोन तारे, दुर्बिणीत १५० पट वर्धन केलं की त्या दोघांचेही दोन-दोन! पुढे देवयानीतला अलमाक, ९-१० विकला, अल्बिरिओची चिमुकली आवृत्ती.

*डिसेंबर ते फेब्रुवारी:* मृगाच्या तलवारीत तेजोमेघाच्या पोटात चार ताऱ्यांचं इवलंसं चौकट दिसतं, त्याला ट्रॅपेझियम म्हणतात. मृगातलाच राजन्य, म्हणजे रायजेल, ही पहिली परीक्षा. सोबती साडेनऊ विकलांवर आहे, पण तेजात चारशे-पाचशे पट मंद. तो जमला की कॅस्टर: साडेपाच विकला, दोन शुभ्र तारे शेजारी, एका फेऱ्याला साडेचारशेच्या आसपास वर्षं. आणि शेवटी ढाण्या वाघ, व्याध. त्याचा सोबती हा श्वेत बटू. वस्तुमान सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. ३१ जानेवारी १८६२ ला अल्वन क्लार्कने तो अमेरिकेत पहिल्यांदा पाहिला. पन्नास वर्षांच्या फेऱ्यात तो सध्या व्याधापासून जवळपास कमाल अंतरावर, ११ विकलांच्या आसपास आहे. पण व्याध त्याच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट तेजस्वी! लंडनमध्ये व्याध क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर येतो, पुण्यात ५५ अंश. एवढी सोय असताना आपण प्रयत्न करायलाच हवा. साधारण २०० मिमीची दुर्बीण आणि अगदी शांत हवा लागेल.

*मार्च ते मे:* सिंहेच्या आयाळीतला अल्जीबा, पावणेपाच विकलांवरचे दोन सोनेरी मणी. वसिष्ठ-अरुंधती तर आहेतच. न्यू आणि बीटा वृश्चिक उशिरा रात्री. मे महिन्यात अकरा-साडेअकराच्या सुमारास दक्षिणेचं क्षितिज मोकळं मिळालं तर रिशोचा आल्फा सेंटॉरी. पुण्यातून तो जेमतेम दहा-अकरा अंश वर येतो, गोवा-सिंधुदुर्गातून थोडा जास्त. ऐंशी वर्षांच्या फेऱ्यातले हे दोघं २०१६ च्या सुमारास ४ विकलांवर आले होते. आता ते झपाट्याने लांब जाताहेत आणि २०२९ पर्यंत दहाच्या पुढे जातील.

तुमच्याबरोबर वाढलेली जोडी

कन्या राशीतली गॅमा, ऊर्फ पॉरिमा, ही मुद्दाम वेगळी काढून ठेवलीय. दोन जवळपास सारखे तारे, ३८ प्रकाशवर्षांवर, फेरा १६९ वर्षांचा, कक्षा मात्र भलतीच लांबट. १८३६ मध्ये विल्यम हर्शेलचा मुलगा जॉन दक्षिण आफ्रिकेतून तिच्याकडे बघत होता, तेव्हा ती जोडी त्याच्या दुर्बिणीत एकच झाली. तारे इतके जवळ आले होते. तसा क्षण पुन्हा आला तो थेट २००५ मध्ये. गच्चीवरच्या दुर्बिणींना तेव्हा तिथे एकच ठिपका दिसायचा.

आज ते अंतर साडेतीन विकलांच्या आसपास गेलंय आणि १०० मिमीची दुर्बीण ते सहज फोडते. म्हणजे आज वीस-एकवीस वर्षांच्या असलेल्या कुणाचा जन्म झाला तेव्हा ही जोडी मिटलेली होती आणि तो मोठा होत असताना ती उघडत गेली. आकाश स्थिर असतं, असं आपण म्हणतो. इथे एका कॉलेजच्या मुलाच्या वयात ते हललेलं दिसतं. पुढचं मिटणं २१७४ च्या सुमाराला.

नुसतं बघू नका, मोजा

इथपर्यंत आलात तर पुढची पायरी फार लांब नाही. जोडताऱ्याची दोनच मोजमापं असतात: अंतर आणि दिशा. दिशा म्हणजे तेजस्वी ताऱ्यापासून मंद तारा कुठल्या बाजूला, ते उत्तर शून्य धरून पूर्वेकडे मोजायचं. दुर्बिणीत दिशा ओळखायची युक्ती सोपी आहे. दुर्बीण हलवू नका, तारा ज्या बाजूने बाहेर सरकतो ती पश्चिम. नळी किंचित ध्रुवताऱ्याकडे ढकलली की ज्या बाजूने नवे तारे आत येतात ती उत्तर. डायगोनल लावला असेल तर चित्र आरशासारखं उलटं होतं, हे नोंदीत लिहा.

अंतरासाठी क्रॉसहेअरवाला आयपीस आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. रेघ उत्तर-दक्षिण ठेवा आणि पहिला तारा ती ओलांडल्यापासून दुसरा ओलांडेपर्यंतचा वेळ मोजा. आकाश विषुववृत्तावर सेकंदाला १५ विकला सरकतं, उत्तरेला-दक्षिणेला त्याहून कमी. अल्बिरिओच्या पट्ट्यात हा वेग सुमारे १३.२ विकला. तिथे वेळ येतो साधारण २.१ सेकंद, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर २८ विकला. जोडीची दिशा ५४ अंश असल्याने २८ भागिले साइन ५४, उत्तर साडेचौतीसच्या जवळ. दहावीच्या त्रिकोणमितीचा असा उपयोग शाळेत कुणी सांगत नाही! एकदा मोजून भागत नाही, बोट पाव सेकंद चुकलं तरी तीनेक विकलांचा फरक पडतो. वीस-तीस वेळा मोजा आणि सरासरी काढा. ही पद्धत रुंद जोड्यांनाच चालते. अरुंद जोड्यांसाठी छोट्या कॅमेऱ्याने हजारो फ्रेम घेऊन त्यातल्या शांत क्षणांच्या निवडायच्या. आणि हो, स्वतःचा आकडा लिहिल्याशिवाय यादीतला आकडा बघायचा नाही. नाहीतर डोळा वाचलेलंच दाखवतो.

'पण गायासारखा उपग्रह अब्जावधी तारे मोजून गेला, आता आमचं काय काम?' हा प्रश्न रास्त आहे. गायाच्या मोजण्या बिनतोड आहेत. पण व्याध किंवा कॅस्टरसारखे झगझगीत तारे त्याला डोळ्यांत भरतात आणि त्याने काम केलं अकरा वर्षं. साडेचारशे वर्षांच्या फेऱ्यात अकरा वर्षं म्हणजे चिमूटभर. लांब फेऱ्याच्या जोड्यांना दर काही वर्षांनी कुणीतरी मोजत राहावंच लागतं. अमेरिकेच्या नेव्हल ऑब्झर्व्हेटरीच्या 'वॉशिंग्टन डबल स्टार कॅटलॉग'मध्ये दीड लाखाहून अधिक जोड्या आहेत. त्यातल्या कित्येक वर्षानुवर्षं कुणी पाहिलेल्याही नाहीत. 'जर्नल ऑफ डबल स्टार ऑब्झर्व्हेशन्स'मध्ये शाळा-कॉलेजच्या मुलांनी केलेली मोजमापं छापून येतात. बारावीनंतर विज्ञानात जायचंय म्हणणाऱ्यांना स्वतःच्या आकड्यांवर निबंध लिहायची संधी एवढ्या कमी साधनांत दुसरीकडे मिळणं कठीण.

पदवी लागते का? शर्बर्न बर्नहॅमला विचारा. एकोणिसाव्या शतकात शिकागोच्या कोर्टात शॉर्टहँड लिहिणारा हा माणूस. दिवसा कोर्ट, रात्री सहा इंची दुर्बीण. हर्शेल आणि स्ट्रुव्ह यांच्यानंतर नवीन काही उरलेलं नाही, असं मानलं जात असताना १८७३ मध्ये त्याने ८१ नव्या जोड्यांची यादी छापली. आयुष्यभरात त्याच्या नावावर तेराशेहून अधिक जोड्या जमा झाल्या.

तेव्हा आज रात्री एवढंच करा. पलंगाखालची दुर्बीण काढा, भिंगावरची धूळ हलक्या ब्रशने झटका, एक वही घ्या. तारीख, वेळ, दुर्बिणीचा व्यास, वर्धन, हवा कशी होती आणि दोन ठिपक्यांचं छोटं चित्र, इतकं पहिल्या पानावर पुरे. आणखी वीस वर्षांनी तीच जोडी बघाल तेव्हा ते पान लागेल. किंवा तोवर ते दुसऱ्या कुणाला लागेल.